सिक प्लॉटच्या बनसोडे मॅडम

बनसोडे मॅडमच्या कामाची सुरुवात चपला काढण्यापासून होई. सोलापूरहून मंद्रूपकडे जाणाऱ्या रस्त्यालगत कडधान्य संशोधनाचं एक लहान उपकेंद्र आहे. त्याच्या मागच्या अंगाला काळ्या जमिनीचा एक तुकडा तारेच्या कुंपणानं वेगळा राखलेला आहे. फाटकाबाहेर एक बाकडं, एक लोखंडी खुंटी आणि ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचा पत्र्याचा ट्रे. मॅडम बाकड्यावर बसत, चपला काढत, पर्स आणि मोबाइल खुंटीला अडकवत, फाटकाच्या आतल्या बाजूला ठेवलेले रबरी बूट घालत आणि आत जात. बाहेर येताना बूट आतच राहत, पाय आधी ट्रेमध्ये, मग चपलेत. पाऊस असो, वरिष्ठ आलेले असोत, खुंटीवरचा मोबाइल वाजत असो, हा क्रम बदलत नसे. आत गेलेली वस्तू बाहेर येत नसे. त्यामुळे नोंदींचा कागदही त्या आत नेत नसत. आतून त्या मोठ्यानं सांगत आणि बाकड्यावर बसलेलं कुणीतरी लिहून घेई.

मी पहिल्यांदा तिथं गेलो तेव्हा त्या दिसण्याआधी ऐकू आल्या.

"ओळ सात. चौथं, मेलं. पाचवं, मेलं. सहावं, मेलं. सातवं, उभं. आठवं, मेलं."

शाळेत हजेरी घ्यावी तसा आवाज. चढउतार नाही. मी तेव्हा एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत शेतीच्या बातम्या पाहत होतो. तुरीवरच्या रोगाची बातमी हवी होती आणि समोर रोगानं वाळलेल्या तुरीचं अख्खं रान होतं. मी ऑफिसच्या सवयीनं विचारलं, नुकसान किती झालं. त्या कुंपणाजवळ आल्या आणि म्हणाल्या, "बातमीत दुर्दैवानं वगैरे लिहू नका. मरावी म्हणूनच पेरली आहे."

मग त्यांनी समजावून सांगितलं. पुढच्या काळात त्यांनी हेच अनेकांना, याच शब्दांत समजावताना मी ऐकलं. तुरीला मर नावाचा रोग होतो. त्याची बुरशी जमिनीत राहते आणि मुळांतून वर चढते. जमिनीत ओल असतानाही झाड उभ्या उभ्या वाळतं. कोणती तूर हा रोग सोसते हे पाहायचं असेल, तर रोगट जमीन हवी आणि ती कोपऱ्याकोपऱ्यात सारखी रोगट हवी. अशी जमीन आपोआप होत नाही. मॅडमनी ती वर्षानुवर्षं केली होती. तिथं तुरीशिवाय दुसरं पीक कधी घेतलं नाही. मेलेल्या झाडांच्या तुराट्या बारीक तोडून त्यांनी पुन्हा त्याच मातीत मिसळल्या. जमीन पुरेशी आजारी आहे ना, याची खात्री करायला दर काही ओळींमागे एक हमखास मरणारा जुना वाण पेरायचा. त्याला त्या चेक म्हणत. चेक मेला तर जमीन खरी, आणि अशा खऱ्या जमिनीवर जे उभं राहील ते शेतकऱ्याला द्यायचं. अशा जमिनीला त्यांच्या खात्यात सिक प्लॉट म्हणतात. फाटकावर इंग्रजी पाटी होती, तिच्यावर हेच दोन शब्द होते.

गावात त्यांना मरवाल्या बाई म्हणत. त्यांना ते माहीत होतं.

मॅडम मूळच्या नातेपुत्याच्या. कृषी विद्यापीठात शिकल्या, वनस्पती प्रजननात डॉक्टरेट केली, आणि पहिली नेमणूक या उपकेंद्रात झाली. नवरा पुण्यात कॉलेजात शिकवायचा, मुलगी सई त्याच्याकडे. मॅडम उपकेंद्राच्या क्वार्टरमध्ये एकट्या. दोन खोल्या, कोनाड्यात बुद्धाची लहान मूर्ती, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारा सिक प्लॉट. शुक्रवारची गाडी पकडून पुण्याला जायचं आणि सोमवारी हजर व्हायचं, हे जानेवारी ते जून चाले. पेरणी झाली की ते बंद. रोपं कधी मरायला लागतील याचा नेम नसतो आणि प्रत्येक मरणाची नोंद त्या त्या दिवशीच घ्यावी लागते. सईचा वाढदिवस ऑगस्टमध्ये येतो. तिच्या वाढदिवसाच्या फोटोंमध्ये आई नाही, हे मॅडमनी मला एकदा तक्रारीच्या सुरात नाही, माहिती म्हणून सांगितलं होतं.

बदलीचा अर्ज त्या दरवर्षी करत. उत्तर दरवर्षी तेच येई: सिक प्लॉट सांभाळणारं दुसरं कुणी उपलब्ध नाही. जमीन जितकी चांगली आजारी झाली तितक्या मॅडम तिथं अडकल्या. एकदा त्यांच्या जागी एक तरुण अधिकारी खरंच आला. रबरी बूट, ट्रे, कुंपणातली वाळलेली तूर आणि क्वार्टर पाहून त्यानं आपली बदली दुसरीकडे करून घेतली. मॅडमपेक्षा त्याचे अर्ज वेगानं चालत होते.

त्यांचं वागणं किती टोकाचं होतं, हे मला एका वेळअमावास्येला कळलं. त्या दिवशी सोलापुरातला माणूस कुणाच्या ना कुणाच्या शेतात जेवायला जातो. उपकेंद्राच्या शेजारचे शेतकरी शिवानंद बिराजदार मॅडमना दरवर्षी बोलावत. मॅडम दरवर्षी येत आणि रस्त्यालगतच्या मोरीच्या कठड्यावर बसत. शेतात पाऊल टाकत नसत. पायाला, नखाला, साडीच्या काठाला त्या मातीचा कण असला तर बिराजदारांच्या तुरीत मर शिरेल, हे त्यांचं कारण. त्या वर्षी मीही तिथं होतो. बिराजदारांची आई ताटात भज्जी, उंडे आणि आंबिलीचा तांब्या घेऊन मोरीपर्यंत आली आणि तिथंच थांबली. म्हातारीला काय खुपतंय ते कुणी बोलत नव्हतं, पण रस्त्यानं जाणारे बघत होते. बनसोडे आडनावाची बाई शेताबाहेर बसून जेवतेय आणि बिराजदारांची माणसं आत.

"पाय धुवून या की बाई आत," म्हातारी म्हणाली. "लोकं काय म्हणतील आमाला?"

"धुतलेत मावशी. तरी नको."

"आवो, तसलं आमी काय मानत न्हाय."

"मला माहीत आहे. लोकांना सांगा, रोग माझ्या बुटाला आहे, मला नाही."

म्हातारीनं मागं वळून लेकाला हाक मारली आणि घोंगडी, पातेली, भाकरीची दुरडी सगळं रस्त्याकडं आणायला लावलं. बिराजदारांच्या घरची माणसं त्या दिवशी मोरीवर ओळीनं बसून जेवली. पुढच्या वर्षापासून त्यांची वेळअमावास्या तिथंच होऊ लागली. मॅडमनी आभार मानले नाहीत. त्यांनी आंबील मागून घेतली आणि यंदा बिराजदारांच्या तुरीत कुठं झाड वाळलंय का, याची चौकशी केली.

त्यांचं दुसरं काम कुंपणाबाहेर चाले आणि ते पाहायला मात्र कुणी घाबरत नसे. सिक प्लॉटवर पेरलेल्या बियाण्याचीच काही रोपं तिथं कुंड्यांत वाढवायची, रोप वीतभर झालं की त्याच्या कोवळ्या पानाचे गोल तुकडे पाडायचे, नखाएवढ्या खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीत एकेक तुकडा ठेवायचा आणि ताटली हैदराबादच्या प्रयोगशाळेकडे पाठवायची. तिथं त्या पानाची आनुवंशिक अक्षरं वाचली जातात. प्रयोगशाळेत लक्ष्मी येमूल नावाची शास्त्रज्ञ होती. ती सोलापूरचीच, विणकर घरातली. तेलुगूत शिकवायची, इंग्रजीत लिहायची आणि मॅडमशी सोलापुरी मराठीत बोलायची. मॅडमना ती अक्का म्हणे.

दोघींचा खटाटोप मॅडमनी मला असा सांगितला होता. पूर्वी एक वाण तयार करायला अर्धी नोकरी जायची. पेरायचं, वाट पाहायची, मेलेलं टाकायचं, उरलेलं पुन्हा पेरायचं. आता शेकडो रोपांची पानं वाचून संगणक आधीच अंदाज देतो: हे रोप मर सोसेल, हे कमी पावसात लवकर पिकेल, याला शेंगा जास्त धरतील. मग तेवढीच निवडक रोपं पेरायची. पण संगणकाला हे कुणीतरी शिकवावं लागतं. अमुक अक्षरांचं रोप मेलं आणि तमुक अक्षरांचं जगलं, हे त्याला सांगावं लागतं. ते सांगायला बनसोडे मॅडमचं रान होतं. "लक्ष्मीचं मशीन माझ्या मातीवर शिकतं," त्या म्हणत.

या सगळ्यातून तीनशे बारा आलं. हा ओळीचा नंबर, पुढं तेच नाव पडलं. त्याची आई दुधनीत सापडली होती. एका कन्नड बोलणाऱ्या घराच्या परसात तुरीचं एक जुनं झुडूप होतं. घरच्यांनी ते हिरव्या शेंगा खायला ठेवलेलं. आजूबाजूच्या शेतांत मर असताना ते झुडूप बरीच वर्षं टिकलं होतं. मॅडमनी ते बसच्या खिडकीतून पाहिलं, पुढच्या थांब्यावर उतरून चालत मागं आल्या आणि मूठभर शेंगा मागून नेल्या. पाच-सहा पिढ्यांच्या संकरानंतर त्यातून एक बुटकं, लवकर येणारं, शेंगांनी लगडणारं झाड तयार झालं. लक्ष्मीनं त्याची अक्षरं वाचून कळवलं की मर सोसणारा भाग त्यात पूर्ण उतरला आहे. आता सिक प्लॉटवर लागोपाठ दोन वर्षांची चाचणी हवी होती. ती झाली की वाण मंजुरीसाठी समितीपुढं जाणार होता.

पहिलं वर्ष उत्तम गेलं. चेक सगळा मेला, तीनशे बारा उभं राहिलं. त्याच हिवाळ्यात बदलीचा आदेशही आला. मॅडमना पुण्याजवळ नेमणूक मिळाली होती. आदेशात एक ओळ होती: चालू चाचणी पूर्ण होताच कार्यमुक्त करावं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या सुटकेला तारीख नसली तरी हंगाम मिळाला होता.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांच्या नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. त्या दोन महिने रजेवर गेल्या. उन्हाळ्यात प्लॉट रिकामाच असतो. किल्ली रखवालदाराकडे होती. त्या परतल्या तेव्हा पेरणी तोंडावर आली होती.

रखवालदार म्हणजे दस्तगीरमामा. वर्षभरापूर्वी ठेक्यावर लागलेले. त्याआधी आयुष्यभर त्यांनी दुधनीच्या बाजारपेठेत टेम्पोनं तूर पोचवली होती. गुडघा गेल्यावर क्लच दाबणं जमेना, म्हणून ही नोकरी. पाच वेळची नमाज, दोन वेळची जपून ओढलेली विडी आणि दिवसभर चहा. शेतकऱ्यांची ट्रेनिंगं असली की चहा तेच वाटत. मॅडमवर त्यांचा जीव होता, आणि त्यांचं म्हणणं असं की मॅडमना या रानानं खाल्लं.

मी त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास उपकेंद्रात गेलो. ऑफिसला आनंदाची बातमी हवी होती आणि नवा वाण, पुण्याला निघालेल्या शास्त्रज्ञ बाई, असा मजकूर माझ्या डोक्यात तयार होता. सिक प्लॉट मी इतका हिरवा कधी पाहिला नव्हता. सगळीकडे पिवळी फुलं, मधमाश्या, कमरेएवढी दाट तूर. मॅडम आत एका ओळीपाशी उभ्या होत्या. हजेरी घेत नव्हत्या. मी कुंपणाबाहेरून अभिनंदन केलं. त्यांनी ऐकलं नसावं.

त्या उभ्या होत्या ती ओळ चेकची होती. तीही हिरवी होती. अधेमधे एखादं झाड वाळलेलं, बाकी सगळी फुलावर.

त्या बाहेर आल्या, ट्रेमध्ये पाय घातले आणि तसेच ठेवून बाकड्यावर बसून राहिल्या. ऑगस्टपासून त्यांच्या मनात शंका होती, असं त्यांनी सांगितलं. पाऊस जास्त झाला म्हणून उशीर होत असेल, असं त्या स्वतःला समजावत होत्या. आता पाऊस संपला होता. एवढ्यात दस्तगीरमामा चहाचे कप घेऊन आले. ते खुशीत होते.

"औंदा रान बगा की मॅडम. कसं हिरवंगार हाय."

मॅडमनी विचारलं, उन्हाळ्यात या रानात कुणी काही केलं का.

मामांना हा प्रश्न हवाच होता. ते सांगू लागले. गेल्या वर्षी त्यांनी पाहिलं, समदी तूर डोळ्यादेखत मेली, आणि मॅडम रोज जाऊन मेलेली झाडं मोजत होत्या. मग साहेब दवाखान्यात. मग मामांनी ठरवलं. त्यांनी धसकट न् धसकट उपटून जाळलं. मेव्हण्याचा ट्रॅक्टर आणून ऐन उन्हात खोल नांगरट केली आणि ढेकळं महिनाभर तापू दिली. उपकेंद्रात शेतकऱ्यांना देतात त्या, मरची बुरशी मारणाऱ्या ट्रायकोडर्माच्या पुड्या शेणखतात मुरवून पेरणीआधी रानभर विस्कटल्या.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

"तुमीच की. दर ट्रेनिंगला सांगताव. धसकटं जाळा, उनाळ्यात खोल नांगरा, ती पुडी शेणखतात घाला. च्या वाटता वाटता पाठ झालंय मला."

"मामा, ते शेतकऱ्यांच्या रानासाठी."

"मग हे काय रान न्हाय व्हय?"

मॅडमनी पाय ट्रेमधून काढून चपला घातल्या. मामांच्या लक्षात हळूहळू आलं की काहीतरी चुकलंय. त्यांचा आवाज उतरला.

"तुमीच म्हनला हुता, ह्यो प्लॉट मला सोडत न्हाय. मला वाटलं, रान बरं झालं की तुमी सुटाल."

फाटकावरची पाटी इंग्रजीत होती. मामांना मराठी वाचता येत होतं, इंग्रजी नाही. आणि ही जमीन आजारी ठेवलेली आहे हे त्यांना सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण तिथं काम करणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असतं असं सगळे धरून चालले होते.

"चहा द्या मामा, गार होतोय," मॅडम म्हणाल्या. त्यांनी तो कप पूर्ण प्यायला.

पुढचे काही दिवस त्यांच्यापुढं काय होतं, ते मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. तीनशे बाराचे आकडे अप्रतिम होते. ते पाठवले की दोन वर्षांची चाचणी पूर्ण, वाण समितीपुढं, मॅडम संक्रांतीच्या आत पुण्यात. चेकचा रकाना तेवढा आड येत होता. उपकेंद्राचे प्रमुख दुसऱ्या गावी बसत, त्यांच्याकडं इथला अतिरिक्त कार्यभार होता. ते फोनवर म्हणाले की चेकचे दोन्ही वर्षांचे आकडे एकत्र करून सरासरी द्यावी, बारकाईनं कुणी बघत नाही. ते वाईट गृहस्थ नव्हते. मॅडमचं घर अडलंय हे त्यांना ठाऊक होतं.

लक्ष्मीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात समोर बसलो होतो. मॅडमनी स्पीकर लावला होता, कारण त्या हातानं पाकिटांत बी भरत होत्या.

"अक्का, तीनशे बारामध्ये ते आहे. मी बघितलंय की वाचून. चेक मेला काय अन् न मेला काय, तुम्हाला माहितेय ते टिकणार."

"मला माहितेय, लक्ष्मी. पण यंदा प्लॉटवर बाकीच्या ओळी पण उभ्या आहेत. त्यांचं काय सांगू तुझ्या मशीनला? जगल्या म्हणून?"

मॅडमनी एक पाकीट बंद करून बाजूला ठेवलं.

"ते खरं मानेल," मॅडम म्हणाल्या. "मशीन मला विचारायला थोडंच येणार आहे. मग पुढच्या वर्षी मंद्रूपच्या शेतात ती तूर मरेल आणि तो माणूस मला विचारायला येईल."

"मग घरी साहेबांना काय सांगणार?"

"सांगितलं काल. त्यांनी विचारलं, जेवलीस का."

अहवालात त्यांनी लिहिलं की चेक तगल्यामुळं चाचणी रद्द समजावी, आणि प्लॉटवर चुकीनं उपचार झाले, त्याची जबाबदारी प्रकल्प सांभाळणाऱ्या व्यक्तीची, म्हणजे स्वतःची. रखवालदाराचा उल्लेख नव्हता. ठेक्यावरचा माणूस एका ओळीनं घरी जातो. मॅडमकडून खुलासा मागवला गेला, त्यांनी तो दिला, आणि नवा आदेश आला: प्लॉट पूर्ववत होईपर्यंत बदली स्थगित. आमच्या अंकात याची बातमी एका कॉलमात आली. तांत्रिक कारणामुळं तुरीच्या नव्या वाणाची चाचणी लांबणीवर, एवढीच.

दस्तगीरमामा यंदा, हे लिहिताना, ठेका संपून घरी बसलेले आहेत. त्यांना विचारूनच इथं नाव लिहितो आहे. ते म्हणाले, "लिवा की. काम तर चांगलंच केलं हुतं मी."

जमीन बरी करायला एक उन्हाळा पुरला होता. ती पुन्हा आजारी करायला किती लागेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. प्लॉटवर टाकायला मर लागलेल्या तुराट्या हव्या होत्या आणि त्या आता गावोगावच्या शेतांतून आणाव्या लागणार होत्या. त्या हिवाळ्यात मॅडम आणि मामा टेम्पो घेऊन दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटच्या गावांत फिरले. टेम्पो मेव्हण्याच्या मुलाचा, चालवायला दुसरा माणूस, आणि रस्ते दाखवायला मामा. एका खेपेला मी सोबत होतो. एरवी कुणाच्या शेतात न शिरणाऱ्या मॅडम मर लागलेल्या शेतात मात्र सरळ आत जात. तिथं आणखी काय बिघडणार होतं. मेलेलं झाड उपटायचं, खोड चिरून आतली काळपट रेघ पाहायची आणि गोणीत भरायचं. शेतकऱ्यांना वाटे, सरकार भरपाईसाठी पंचनामा करतंय. मॅडम नाही म्हणत. मग ही मेलेली तूर कशाला हवी, हे समजावणं मामांकडं होतं.

दुधनीजवळच्या एका शेतात एक बाई कन्नडमध्ये बरंच काही बोलली. मामांना कन्नड येत होतं. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

"काय म्हणतात?" मॅडमनी विचारलं.

"म्हनत्यात, आमच्याकडं रोग जात न्हाय म्हणून लोक रडत्यात, आन् तुमी रोग मागत फिरताव. डोकं ठिकानावर हाय का."

"तुम्ही काय सांगितलं?"

"सांगितलं, चूक माजी हाय."

ती बाई हसली आणि बांधावर रचलेल्या वाळक्या तुरीचा अख्खा ढीग तिनं देऊन टाकला. परतीच्या वाटेवर मॅडमनी टेम्पोवर ताडपत्री दोनदा बांधून घेतली. मध्ये कुणाच्या रानात एक काडी पडायला नको होती. मामा मागं ताडपत्री धरून बसले, गुडघा लांब सोडून.

फाटकावर आता दुसरी पाटी आली. मॅडमनी ती स्वतः ब्रशनं रंगवली होती, मराठीत, मोठ्या अक्षरांत: ही जमीन मुद्दाम आजारी ठेवली आहे. कृपया बरी करू नये. येणारेजाणारे तिचे फोटो काढत. मॅडमना त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळत नसे.

पुढच्या वर्षी चेक अर्धामुर्धा मेला. ते पुरेसं नव्हतं. सई त्या वर्षी बारावी होऊन कॉलेजात गेली. तिचा दाखला, फॉर्म, फी, सगळं आजारातून उठलेल्या वडिलांनी केलं.

मी मॅडमना शेवटचं पाहिलं ते त्याच्या पुढच्या हंगामात, ऑगस्ट संपताना. माझी बदली होऊन मी सोलापूर सोडणार होतो, म्हणून निरोप घ्यायला गेलो. आवाज लांबूनच आला. हजेरी चालू होती.

"ओळ तीन, चेक. पहिलं, मेलं. दुसरं, मेलं. तिसरं, उभं."

बाकड्यावर दस्तगीरमामा लिहून घेत होते. चष्मा नाकावर, एकेक अक्षर कोरत. मला पाहून त्यांनी बोटानं गप्प राहायची खूण केली. मॅडमनी एक झाड उपटलं, ब्लेडनं खोड उभं चिरलं आणि कुंपणापाशी येऊन मला दाखवलं. सालीच्या आत काळपट रेघ होती, मुळापासून वर चढलेली. मी पाहायला हात पुढं केला. त्यांनी काडी मागं घेतली.

"बाहेर नाही येत," त्या म्हणाल्या. "तिथूनच बघा."

मी सांगितलं की मी चाललो आहे. त्यांनी कुठं, कधी, असं विचारलं आणि नीट ऐकून घेतलं. मग पुन्हा ओळीकडं वळल्या.

खुंटीवरच्या पर्समध्ये मोबाइल वाजू लागला. मामा उठले, पर्स उघडून त्यांनी पडदा माझ्यापुढं धरला. सईचं नाव होतं. मॅडम आतून म्हणाल्या, बूट काढून पाय धुवेपर्यंत बंद होईल, तुम्हीच घ्या. मी घेतला. ओळख सांगितली. आई आत आहे म्हटलं. सईला ते नवीन नव्हतं.

"चेक मेला का काका?" तिनं विचारलं. परीक्षेचा निकाल विचारावा तसं.

"मरतोय," मी म्हणालो. "मी आत्ताच बघितला."

"सगळा मेला का, विचारा ना."

मी कुंपणाजवळ जाऊन तेवढंच विचारलं. मॅडम पुढच्या झाडापाशी उकिडव्या बसल्या होत्या. त्या झाडाची पानं ताजी, टवटवीत होती. त्यांनी बुंध्याशी बोट लावून पाहिलं, पान उलटं करून पाहिलं. मान वर केली नाही.

"अजून नाही, म्हणावं," त्या म्हणाल्या, आणि मग मामांसाठी, मोठ्यानं, "चौथं, उभं."